पावसाळ्यात चिखलात कोणी नव्हतं

कार्यक्रमवाल्यांच्या त्या मुलीनं आधी माझा हात हुंगला. नाक मुरडलं. मग पर्समधून बाटली काढली आणि माझ्या अंगावर सेंट मारला. मानेवर, हातांवर, लुगड्यावर. एकेकीला उभं करून. गुरांवर गोचिडीचं औषध मारतात तसं.

"मोठे पाहुणे येणार आहेत," ती म्हणाली. "मावशी, वास नको."

आम्ही सहाजणी होतो. कासोटा घातलेला, अंबाड्यात अबोलीच्या वेण्या. लुगडी त्यांची, वेण्या त्यांच्या. काखेतली टोपलीही त्यांचीच, कोरी करकरीत, आणि तिच्यात प्लॅस्टिकचे मासे. जन्मभर मासळी वाहिली, पण टोपली काखेला इतकी हलकी कधी लागली नव्हती. मला स्वतःचीच लाज वाटत होती.

भूमिपूजन होतं म्हणे. भूमी कुठली? कालपर्यंत तिथं खाडी होती. भरतीला पाणी, सुकतीला उघडा चिखल. त्यावर जांभ्याचा मुरूम ओतून, रोलर फिरवून तांबडं मैदान केलेलं. मैदानावर मंडप. मंडपाच्या डाव्या खांबाखाली माझी जागा होती.

जागा म्हणजे काय ते सांगते. आमची खाडी रत्नागिरीच्या जरा बाहेर, लहानशी. बाप्ये होडीवर, नाहीतर मुंबईला. बायका सुकतीला चिखलात उतरतात आणि तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, काढतात. गुडघ्यापर्यंत चिखल, वाकून बोटांनी चाचपत जायचं. प्रत्येकीचा पट्टा ठरलेला. तो सासूनं सुनेला दाखवायचा. दुसरीच्या पट्ट्यात हात घालायचा नाही. आमची नावं कुठल्या सातबाऱ्यावर नाहीत, तरी भांडण कधी झालं नाही. खोटं कशाला बोलू, झालं, झिंज्या धरण्यापर्यंतही गेलं. पण त्यासाठी कोणी कचेरीत गेली नाही.

आणि एक नेम होता. पाऊस लागला की नारळी पुनवेपर्यंत त्या चिखलात पाय टाकायचा नाही. तेव्हा खाडी पोटुशी असते. बारक्या तिसऱ्या वाढत असतात, तुडवल्या की मेल्या. त्या दिवसांत आम्ही सुकी मासळी खातो, तीही संपली तर मीठभाकरी, पण उतरत नाही. या नेमानंच आमचा घात केला.

साहेब लोक मोजणीला आले ते भर पावसात. रेनकोट, छत्र्या, तीन पायांची दुर्बीण. आम्ही पडव्यांमध्ये बसून मजा बघत होतो. मग शाळेच्या मोठ्या वर्गात सभा झाली. बाकांवर बागायतदार, मास्तर, वकील. आम्ही पुढं जमिनीवर, कारण बाकांवर बसलो तर कोणीतरी खिडकी उघडतं. खाडीला बांध घालणार, भराव टाकणार, वर नवं शहर उभं राहणार, असं इंजिनिअर साहेबांनी पडद्यावर दाखवलं. चित्रात झाडं होती, सायकली होत्या, कुत्रा फिरवणारी बाई होती. आमच्यातली कोणीच नव्हती.

मग साहेब आमच्याकडे वळले. गोड माणूस.

"मावशी, आम्ही इतके दिवस येतोय, चिखलात कोणी दिसलं नाही. पावसाळ्यात जाता का तुम्ही तिथं?"

आमच्यातली सगळ्यात मोठी पारूकाकी. ती अभिमानानं उठून उभी राहिली.

"नाय जात. कोन जाईल? खाडी पोटुशी असते. आमी राखताव तिला."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. जोरात.

साहेब शेजारच्याला म्हणाले, "लिहा. वापर नाही."

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "चिखलाला डोहाळे पण लागतात का हो काकी?" सगळा वर्ग हसला. मास्तरही हसले. काकी तोंडाला पदर लावून खाली बसली. तेव्हा आमची चेष्टा झाली एवढंच मला कळलं. आमचं काय गेलं ते डंपर आले तेव्हा कळलं.

माझा मुलगा मिरजोळ्याला एका कंपनीत कंत्राटी कामगार होता. कंत्राट संपलं आणि तो याच कामावर डंपर चालवायला लागला. माझ्या पट्ट्यावर पहिला मुरूम कोणी ओतला ते मी त्याला विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. पाहुण्यांना ओवाळायला गावातल्या बायका हव्यात, हा निरोप त्यानंच आणला.

"आये, नाय म्हनू नको. माझा काम हाय तिथं."

म्हणून मी गेले. म्हणून सेंट मारून घेतला.

पाहुणे आले, रांगेत उभे राहिले. ताट माझ्या हातात दिलं होतं. माइकवरचा माणूस म्हणाला, "आता या खाडीच्या लेकी पाहुण्यांचं औक्षण करतील. वर्षानुवर्षं ओसाड पडलेल्या या जागेचं आज भाग्य उजळतंय!"

ओसाड.

मी कुंकवाचं बोट उचललं होतं. समोरच्या माणसानं कपाळ पुढं केलं होतं. मागे पारूकाकीला त्या सेंटनं ठसका लागला होता आणि ती तोंड दाबून खोकत होती. माझ्या डोक्यात सणक गेली. मी ताट खाली ठेवलं. काखेतली टोपली उपडी केली. प्लॅस्टिकचे मासे तांबड्या मुरुमावर पडले.

"ओसाड नव्हती," मी म्हणाले. "ही माझी जागा. मी ओवाळनार नाय."

माइक जवळच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. मला वाटलं आता काहीतरी होईल. काही झालं नाही. त्या मुलीनं ताट उचललं, माझ्या शेजारणीच्या हातात दिलं. औक्षण झालं. टाळ्या झाल्या. सनई तर थांबलीच नव्हती. मी एकटी चालत घरी आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस येऊन लुगडं परत घेऊन गेला.

मुलाला कामावरून काढलं. "काय मिळाला गो आये तुला?" त्यानं विचारलं. तो आता मुंबईला आहे. फोन करतो, तो बायकोला करतो.

खाडीचा वरचा भाग अजून उघडा आहे. पारूकाकीचा पट्टा तिथं आहे. आता तिथल्या भरावाचं निघालंय आणि मोजणी पुन्हा पावसातच ठेवलीय. आमचा नेम त्यांना आता चांगला पाठ झालाय. मी काकीला म्हटलं, या पावसात आपण उतरायचं. दुर्बीण लावतील तेव्हा त्यांना चिखलात बायका दिसल्या पाहिजेत.

काकी रडायला लागली. "पाप हाय गो. बारकी पिल्लं मरतील."

"मरतील," मी म्हणाले. "भरावाखाली सगळीच मरतील."

यानं भराव थांबेल असं मला वाटत नाही. दुर्बीण त्यांची, सभा त्यांची, कोर्टात जायला वकीलही त्यांचेच. आम्ही दिसलो तर दुसरी काहीतरी सबब काढतील. काकी येईल की नाही माहीत नाही. बाकीच्या येतील की नाही तेही माहीत नाही.

मी उतरणार आहे. बारक्या तिसऱ्या चिरडतील ते माझ्या पायांना कळेल. तरी मी तिथंच उभी राहणार, त्यांनी मला बघेपर्यंत.