अनुसयाबाईंचा अडकित्ता

देवळीच्या अनुसयाबाई बायकांचा माल खपवून द्यायच्या आणि त्याबद्दल चहाच्या कपाशिवाय काही घ्यायच्या नाहीत. याला मी वेड म्हणायचे, तेही त्यांच्या तोंडावर. शमीमबीच्या शेवया, कोणाचं लोणचं, मी शिवलेल्या थैल्या पिशवीत भरायच्या आणि मिळेल त्या बसनं निघायच्या. "मुसलमान बाईच्या हातच्या शेवया कोण घेते?" असं एक दुकानदार म्हणाला, तर बाईंनी त्याच्यासमोर बसून डबाभर शेवया खाल्ल्या.

त्यांची रीत ठरलेली. अडकित्त्यानं सुपारी दुभागायची, एक फाक दुकानदाराला, दुसरी माल करणारीला. फाका जुळल्या की सौदा पक्का.

शेवटच्या आजारात त्यांनी अडकित्ता माझ्यापुढे धरला. "काजल, हा तू घे."

"मले नाई जमत दारोदार फिरणं," मी म्हणाले. त्यांचा हात तसाच राहिला. मीच दुसरीकडे पाहिलं.

त्या गेल्या. अस्थींबरोबर तो अडकित्ताही मी माझ्या हातानं धाम नदीत सोडला.

तीन महिन्यांत शमीमबीकडे येणारं गिऱ्हाईक आटलं. सोमवारी ती शेवयांचं मशीन विकणार होती. मला लाज वाटत होती, पण लाजेनं गिऱ्हाईक येत नाही. शनिवारी दुपारी तिच्याकडे बसले होते, तेवढ्यात सिंदीचे किराणा दुकानदार भैय्याजी आले.

"बाई सकाळीच दुकानात आलत्या. शेवया चांगल्या आहेत. दर आठवड्याले वीस किलो पाठवजा." त्यांनी अर्धी सुपारी पुढे केली. "माझ्यासमोरच कातरली. दुसरी फाक तुमच्या डब्यात आहे म्हणे."

शमीमबीनं शेवयांचा डबा उघडला. वरच फाक होती. ओली. दोन्ही फाका रेषेला रेष जुळल्या.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर भैय्याजी चपला सोडून पळाले असते. शमीमबीनं डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, "सोमवारपासून पाठवू?"

"पाठवा. आन बाईले नवा अडकित्ता घेऊन द्या. पार गंजला तो. कातरताना त्यातून पाणी गळून राह्यलं होतं." ते चपला घालता घालता थांबले. "लय थकल्या दिसल्या. या वयात काऊन फिरवता त्यायले?"

भीती कुठल्या कुठे गेली.

"पुन्हा आल्या त सांगजा," मी म्हणाले, "आता घरी बसा म्हणा. अडकित्ता काजलनं घेतला."