बांधावरचं वळण

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या गावच्या पाणीवापर सोसायटीनं शिवारातून चर खोदायचं ठरवलं. चर बांधाला लागूनच न्यायचा, म्हणजे कुणाचं रान मोडणार नाही आणि पाणी सगळ्यांच्या विहिरींना मुरेल. नकाशाचं काम माझ्याकडं आलं. कंप्युटर शिकून आलेला गावात मी एकटाच, त्यामुळं अंगात मस्तीही होती.

प्रत्येकानं जीपीएसचं यंत्र हातात धरून आपापल्या बांधावरून चालायचं होतं. वडीलही चालले. मधोमध आल्यावर ते तीन पावलं रानात वळले आणि पुन्हा बांधाला लागले. तिथं माझी धाकटी बहीण होती. ऊसतोडीवरून परतलो त्या उन्हाळ्यात ती तापानं गेली. मी सात वर्षांचा, ती दीड. एवढ्या लेकराला जाळत नाहीत, म्हणून वडिलांनी तिला बांधाच्या कडेला पुरलं आणि वर एक दगड ठेवला. तेव्हापासून आमचा नांगरही तिथं वळसा घ्यायचा.

सगळ्यांच्या रेघा कंप्युटरवर घेतल्या तर नुसता गोंधळ. दोघांचा बांध एक, पण रेघा दोन. कुठं फट, कुठं एकमेकींवर चढलेल्या. जुन्या गटनकाशाशी त्या जुळवायच्या दोन रीती होत्या. एकीत रेघांची फक्त टोकं जुळवायची, मधलं माणूस चाललं तसं ठेवायचं, आणि उरलेल्या फटी शेजाऱ्यांना विचारून एकेक करून मिटवायच्या. दुसरीत दहा फुटांच्या आत जे काही असेल ते सरळ जुन्या रेघेवर ओढून घ्यायचं. एक बटण दाबलं की सगळं शिवार सुतात.

मी दुसरी निवडली. घाई होती हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. मला सरळ रेघा आवडल्या. म्हाताऱ्यांची वेडीवाकडी चाल पडद्यावर बघून मी हसलोही होतो. आमची रेघ एकदा उघडून बघावी, हे काही मला सुचलं नाही.

जेसीबी आमच्या रानात शिरला तेव्हा माय आणि वडील जनावरं घेऊन चारा छावणीत होते. मी सोसायटीत, खुर्चीवर. ड्रायव्हरनं मोबाइलवरच्या रेघेवरून यंत्र चालवलं. त्याला कसला दोष देणार? त्यानं दिवसभरात असे शंभर दगड उपसले असतील.

माय आणि वडील तिसऱ्या दिवशी परतले. वडील चराच्या काठावर बसूनच राहिले. मी जवळ गेलो. वर न बघताच ते म्हणाले, "मी तिथं कावून वळलतो, तुला ठावं नव्हतं का रं?"

"ठावं होतं," मी म्हणालो. मला स्वतःची इतकी शिसारी कधीच आली नव्हती.

त्याच दुपारी मी पहिल्या रीतीनं सगळं पुन्हा जुळवलं. नकाशात आमचं वळण परत आलं. निदान मायला तरी मोबाइलवर दाखवावं, असं मला वाटलं. किती मूर्ख असावं माणसानं! तिनं पडद्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"ते ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तिथली माती कुठं नेली, तेवढं सांग."

माती ट्रॅक्टरनं सभासदांच्या रानांत नेऊन पसरली होती. कुठली कुणाच्या रानात गेली, ते कुणालाच माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. माय उठली, शेजारच्या रानात गेली आणि ओणवी होऊन एकेक ढेकूळ हातानं फोडून बघू लागली.