मनःशांतीला कांद्याचा वास

ज्याला लग्न करायचं आहे त्याने मनःशांतीच्या नादी लागू नये.

आमच्या पातूरच्या वांगी-कांदे पिकवणाऱ्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. (दुसरा कोणी गेला नाही, माझ्याकडे पाहून कोणाची छाती झाली नाही!) अमरावतीला परीक्षेच्या धास्तीने पोरं वाळून चालली, तेव्हा आमच्या प्रोफेसरांनी उपाय काढला. "कोणी काही विचारलं, की आधी डोळे मिटा. श्वासाकडे पाहा. जे येईल ते येऊ द्या. मन स्थिर झालं की मगच उत्तर!" प्रोफेसर पुण्याचे. तिकडे लोक उत्तरासाठी थांबत असतील!

उन्हाळ्यात घरी आलो, तर नांदगाव खंडेश्वरचे एक बागाईतदार मला पाहायला येणार. त्यांची मुलगी (जत्रेत मी चोरून पाहिलेली) अशी देखणी, की माझी झोप उडालेली! बाबांनी गावभर सांगून ठेवलं, "माहा पोरगा साहेबासारखा फाडफाड बोलते!"

पाहुणे दाराशी जोडे काढून ओसरीवर बसले. मुलीच्या बापाने विचारलं, "नाव काय, बापू?"

मला प्रोफेसर आठवले. मी डोळे मिटले.

"नाव इचारलं म्या."

श्वास आत गेला.

"इचार करून राहिला," बाबा म्हणाले. "बी.ए. शिकते ना!"

श्वास बाहेर आला.

"अवो, सोताचं नाव याले याद नाई?"

तेवढ्यात मामा ओरडला, "फेफरं आलं पोराले! कांदा आना!"

फेफऱ्याला कांदा हुंगवायचा, नाही उतरलं तर जोडा, एवढाच आमच्याकडचा दवाखाना. मायने बुक्कीने कांदा फोडून नाकाला लावला. जे येईल ते येऊ द्या! मी कांदा येऊ दिला. मग मामाने दारातला हाती लागला तो जोडा नाकाशी धरला. तो पाहुण्यांचाच निघाला! (तळाला चिकटून अर्धं नांदगावही आलं होतं.) तरी मी स्थिर. प्रोफेसरांनी पाठ थोपटली असती!

अखेर मन शांत झालं. डोळे उघडले, तर गालांवरून धारा!

"रडून राहिला!" जोडा हिसकावत मुलीचा बाप उठला. "मनात नाई त्याच्या, तं जबरदस्ती कावून करता?"

"नाई जी, मी लय आनंदात हाय!" मी हुंदका देत म्हणालो.

"आनंदात असा रडते, तं दुःखात काय करीन?"

गाडी जुंपली गेली. मी मागे धावलो. "गनपत! माहं नाव गनपत हाय!"

कोणी वळून पाहिलं नाही.

ती मुलगी पुढे माझ्याच वर्गातल्या अकोल्याच्या रघुनाथला दिली. तो प्रोफेसरांच्या तासाला घोरायचा, आणि नाव विचारलं तर आजोबांपर्यंत सगळी नावं सांगून टाकायचा.

मी प्रोफेसरांना जाब विचारला. त्यांनी डोळे मिटले. उत्तर अजून यायचं आहे.

मी मात्र बी.ए. झालो. (एका झटक्यात!) मनही अगदी शांत आहे. फक्त रोजचा कांदा स्वतःलाच चिरावा लागतो, तेवढ्यापुरते डोळे भरून येतात.