रुमालाखालची खूण

आधीच सांगतो – भूतखेत, करणी, साक्षात्कार, यातलं मी काही मानत नाही. आष्टीत जुन्या ट्रॅक्टरांच्या खरेदी-विक्रीचा माझा धंदा आहे. समोरचा देवाची शपथ घेत असला तरी मी आधी इंजिनचं ऑइल बघतो. अशा माणसाला ज्याचा उलगडा होत नाही, ते खाली लिहितोय. हसलात तरी चालेल... दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही हसलो असतो.

थोडं मागचं सांगावं लागेल. माझे वडील, आबा, गुरांच्या बाजारात दलाली करायचे. आमच्याकडे अशा दलालाला हेडी म्हणतात. बैलाचा भाव तोंडाने बोलायचा नसतो – दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. बघणाऱ्याला फक्त रुमाल हलताना दिसतो. ही बोटांची भाषा आबांनी मला लहानपणीच शिकवली. शिवाय त्यांची स्वतःची एक खूण होती. जे जनावर विकताना पोटात तुटायचं, त्याचा सौदा ठरला की घेणाऱ्याच्या मनगटावर, नाडीच्या जागी, ते अंगठा दोनदा दाबायचे. एक दाब... जरा थांबून दुसरा. अर्थ असा – पुढं कधी विकायचं झालं तर आधी मला विचार. त्यांचे एक-दोन जुने दोस्त आणि मी सोडून ही खूण कुणाला ठाऊक नव्हती.

सतरा वर्षांचा असताना मी अख्खा हंगाम ऊस तोडला आणि त्या कमाईतून एक जुनी सायकल घेतली. तालुक्याला आयटीआयला जायचं होतं. ते वर्ष दुष्काळाचं. दावणीला दोन म्हशी आणि एक गाय, आणि कडबा संपलेला. एके सकाळी गावच्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी, नाना, दारात आले. आबांनी माझी सायकल पुढं आणली आणि दोघांच्या हातांवर रुमाल टाकला.

“आबा, माझी हाय ती!” मी ओरडलो.

“गप ऱ्हा.”

“मला इचारलं का?”

“गप ऱ्हा म्हनलं न्हवं!”

दुपारी कडब्याची गाडी आली. दुसऱ्या दिवशी मी घर सोडलं. गॅरेजमध्ये पाने पुसण्यापासून सुरुवात केली, वर आलो, पुढे घरी जाणं-येणंही सुरू झालं. आबांचं दवाखाना-औषध सगळं मीच केलं. पण सायकलीचा विषय ना मी काढला, ना त्यांनी. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, तरी माझा राग काही गेला नाही. खरं सांगायचं तर मी तो जपूनच ठेवला होता.

पन्नाशीनंतर शुगर निघाली आणि डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. आधी आष्टी ते कडा, मग मांजरसुंब्याचा घाट... आणि मग डोक्यात युरोप शिरलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी अ‍ॅमस्टरडॅमला सेकंडहँड सायकल घेतली – दुकानदाराला घाम फोडून – आणि बेल्जियम, फ्रान्स, स्पेन करत बावन्नाव्या दिवशी पोर्तुगालच्या नैऋत्य टोकाला पोचलो. पुढे रस्ताच नाही. एक दीपगृह, सरळ तुटलेले कडे, खाली समुद्र आणि माणूस ढकलून देईल असा वारा. दुपारचे तीन वाजले असतील.

लोक तिथे फोटो काढत होते. मी सायकल डोक्यावर उचलली आणि आभाळाकडे बघून ओरडलो, “आबा, इकली व्हती ना माझी सायकल? बघा, कुठवर आणली!”

शेजारच्या दोन बायका दचकून लांब सरकल्या. मला वाटलं होतं, ओरडलं की मोकळं वाटेल. कसलं काय... नुसतं रडू यायला लागलं. आणि तेही का, ते कळेना.

विमानातून सायकल आणण्याचा खटाटोप नको होता, म्हणून मुक्कामाच्या हॉस्टेलच्या मालकाने ओळखीचं एक गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. संध्याकाळी, चांगल्या उजेडात, हॉस्टेलच्या अंगणात एक म्हातारा आला. डोक्याला टोपी, हातांना भेगा. चार गाई पाळतो, इंग्रजी येत नाही, असं मालकाने सांगितलं. मी बोटं दाखवून दोनशे युरो म्हणालो. म्हाताऱ्याने मान हलवली. हँडलवर माझा पांढरा रुमाल वाळत होता, तो त्याने काढला आणि आमच्या दोघांच्या हातांवर टाकला.

मी गारच पडलो. आत त्याने माझी बोटं धरली. आबा धरायचे तशी. पूर्ण बोट, अर्धं बोट, पेर... माझी बोटं आपसूक उत्तर द्यायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी घासाघीस करायची विसरलो. भाव जमला. मी हात काढणार, एवढ्यात त्याचा अंगठा माझ्या मनगटावर आला. एक दाब... जरा थांबून दुसरा.

मी झटकन हात ओढून घेतला.

पाणी प्यायल्यावर मी मालकाला विचारलं, “तुमच्याकडे गुरांचा भाव असा करतात का?” तो म्हणाला, जन्मात पाहिलं नाही. मग त्याच्यामार्फत म्हाताऱ्यालाच विचारलं. तो हसला. म्हणे, वारा फार होता, बोलणं ऐकू येईना, म्हणून हातानेच भाव केला. आणि मनगटावर दाबलंत ते? म्हाताऱ्याने माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाला, “मी फक्त बोटं धरली होती.” पैसे दिले आणि सायकलवर बसून गेला.

गावी आल्यावर दोन दिवसांत मी नानांकडे गेलो. नव्वदीला टेकलेत. दारात बाजेवर बसले होते.

“नाना, आबांनी माझी सायकल इकली, तवा रुमालाखाली काय झालं?”

“कावून इचारतूस? चाळीस वर्सं झाली की बे त्याला.”

“सांगा तर.”

“मला कुठं तुमची बोटं कळत्यात? मी पेनाचा मानूस. सायकलीवर कडबा द्यायचं आदल्या दिशीच ठरलं व्हतं. म्या म्हनलं, आबा, मग रुमाल कशाला? तर हळूच म्हने, पोरगं हुभं हाय, तोंडानं न्हाई बोलवत.”

“अन् मग?”

नानांनी खांद्यावरचं उपरणं आमच्या हातांवर टाकलं आणि माझं मनगट धरलं. “नुसता हात धरून ऱ्हायला. अन् मग असं केलं.”

एक दाब... जरा थांबून दुसरा. तीच जागा.

“मला वाटलं, हात थरथरतोय त्याचा,” नाना म्हणाले. “पाऊस पडल्यावर आलता सायकल मागायला. तुमचा कडबा घ्या, पोराची सायकल द्या म्हने. म्या तर ती चकलांब्याच्या एकाला इकून टाकलेली. लई भांडला! ‘मी खूण केलती न्हवं!’ म्हने. कसली खूण अन् काय? लई तापट. तुज्यावानीच.”

“हे मला कावून न्हाई सांगितलं, नाना?”

“तू कधी इचारलंस?”

मी उपरण्याखालचा हात बराच वेळ काढला नाही. सतराव्या वर्षी मी दारात उभं राहून सगळा सौदा बघितला, असं आयुष्यभर सांगत आलो. खरं तर मी बघितला होता फक्त रुमाल.

तो म्हातारा कोण, त्याला बोटं कशी आली, विकणाऱ्याची खूण घेणाऱ्याकडून कशी आली, मनगटावर कुणी दाबलं... खूप डोकं चालवलं, हिशेब लागत नाही. थकवा होता, शुगर वाढली असेल, असं घरचे म्हणतात. म्हणोत. हॉस्टेलवाल्याच्या वहीत माझा मोबाइल नंबर लिहिलेला आहे. म्हाताऱ्याला ती सायकल कधी विकायची झालीच, तर आधी मला विचारतील. म्हणून कंपनीवाले कितीही स्वस्तातला प्लॅन घेऊन आले तरी मी नंबर बदलत नाही.