गोल सह्यांचा अर्ज

आमच्या शेजारचे तासवाले सर. कॉलेजात तासागणिक पैशांवर अर्थशास्त्र शिकवतात, म्हणजे शिकवायचे. सतरा वर्षं दर उन्हाळ्यात त्यांना घरी बसवायचे आणि कॉलेज उघडलं की पुन्हा नेमणुकीचं नवं पत्र हातात ठेवायचे. कायम झालं ते फक्त पत्राची वाट बघणं. वहिनी म्हणायच्या, "लग्न तेवढं एकदाच लागलं बाई. नाहीतर यांना मी दरवर्षी नव्याने पसंत करत बसले असते."

यंदा कॉलेजातले असे चौदा तासवाले एकदाचे पेटले. 'आम्हाला कायम करा, नाहीतर परीक्षेचे पेपर तपासणार नाही,' असा अर्ज द्यायचं ठरलं. पण पहिली सही कोणाची? सगळे आपले "आधी तुम्ही, आधी तुम्ही." शेवटी गणिताच्या बाईंनी युक्ती काढली. सह्या गोलात करायच्या, म्हणजे पुढारी कोण ते कळायलाच नको. सरांनी ताटलीभोवती पेन्सिल फिरवून झकास गोल काढला. चौदा सह्या झाल्या. अर्ज पोचवायचं काम अर्थात सरांच्याच गळ्यात.

कागद घरी आला आणि सरांचा हात शिवशिवला. सतरा वर्षं हजेरी घेतलेला माणूस तो! प्रत्येक सहीशेजारी लाल पेनाने क्रमांक टाकले. सुरुवात स्वतःपासून, दुसऱ्याला आधी घालणं बरं दिसत नाही ना.

"प्राचार्यांना मोजायला सोपं," मला कौतुकाने दाखवलं.

"वा सर, अगदी छापील!" मी म्हटलं. मला काय कल्पना!

पुढचं वहिनींनी कुंपणापाशी दात-ओठ खात सांगितलं. प्राचार्यांनी चौदाही जणांना चहाला बोलावून विचारलं, "एक नंबर कोण?" सर विद्यार्थ्यासारखे उभे राहिले. "हे सगळं यांचंच डोकं ना?" प्राचार्यांनी बाकीच्यांना विचारलं. तेराही जणांना एकदम आपापल्या चहात काहीतरी पडलेलं दिसलं. युक्तीवाल्या बाईंना तर जास्तच. पेपर आठ दिवसांत तपासून झाले.

कॉलेज उघडलं. तेरा पत्रं निघाली. सरांचे तास बाईंना मिळाले.

दुसऱ्याच दिवशी बाई दारात. "सर, तुमच्या नोट्स मिळतील का हो? मला अर्थशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही."

"तास नेलेत, आता कपाटही न्या!" वहिनी आतून कडाडल्या.

"अगं, आत तर येऊ दे त्यांना," सर म्हणाले. नोट्स दिल्या, वर दोन तास समजावून सांगितलं. बाई चार दिवस येत होत्या. चार दिवस सर इस्त्रीचा शर्ट घालून त्यांची वाट बघत होते.

"उद्या किती वाजता?" चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं.

"आता नको, सर. एवढ्यावर भागेल. आणि मी इथे येते हे वर कळलं तर..."

"बरोबर आहे, बरोबर आहे," सर म्हणाले. बाहेर डोकावून गल्लीत कोणी नाही हे बघितलं, आणि मगच बाईंना जाऊ दिलं.