धुळ्याच्या दुकानातले टायर

गाडी घेतली तेव्हा घरात पेढे वाटले गेले नाहीत. दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला चिकटून पळणारी निळी स्पोर्ट्स कार, तीही सुरतेच्या एका माणसाने वापरलेली. जळगावच्या कोर्टात वकिली करणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या बाईला असली गाडी कशाला, हे मला सगळ्यांनी विचारलं. वडिलांनी तेवढं विचारलं नाही. आबा एसटीचे ड्रायव्हर म्हणून अमळनेर डेपोतून निवृत्त झाले होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकांजवळ वाकून पाहिलं आणि आत गेले.

टायर गुळगुळीत झालेले होते, ते मलाही दिसत होतं. अशा गाडीला रस्ता धरून ठेवणारे, मऊ रबराचे रुंद टायर लागतात. गाडीसोबत आलेले मूळ कंपनीचे टायर पुन्हा घेणं मला परवडणारं नव्हतं. त्यामुळे पकड तशीच पण खिशाला झेपेल असं काही मिळतं का, ते मी शोधू लागले आणि तिथूनच माझा संशयी स्वभाव कामाला लागला. मोबाईलवर एक जण फारच स्वस्तात द्यायला तयार होता, पण टायरच्या बाजूचा फोटो मागितला की पुन्हा समोरचाच पाठवायचा. जळगावातल्या एका दुकानात टायर नुसते चमकत होते. टायरच्या बाजूला शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे, एवढं मी वाचून गेले होते. रुमालाने काळं पॉलिश पुसलं तर साल बरंच जुनं निघालं.

"गोडाऊनमध्येच होता, मॅडम. ऊन लागलेलं नाही," दुकानदार म्हणाला.

साक्षीदार न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो तेव्हा मी कान टवकारते. मी तिथून निघाले.

त्या संध्याकाळी आबा आपणहून म्हणाले, "धुळ्याला माझ्या ओळखीचा आहे एक जण. डेपोत टायरचंच काम करायचा. आता हायवेला दुकान टाकलंय. तिथे जाऊ."

इतके महिने गाडीकडे ढुंकून न पाहणारा माणूस आता टायरसाठी धुळ्याला यायला तयार होता. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

रविवारी सकाळी एरंडोल, पारोळा करत आम्ही निघालो. आबा गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि सारखे वेगाच्या काट्याकडे बघत होते. दुकान धुळ्याच्या पुढे, सोनगीरकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. मालक आबांच्याच वयाचे. मी त्यांना नाना म्हटलं. ते गाडी बघायला बाहेरही आले नाहीत.

"ताई, ह्या साइजमध्ये फास्टवाले येतच नाहीत," ते म्हणाले. "साधे घ्या. कडक रबर आहे, वर्षानुवर्षं झिजणार नाही."

साइज मी अजून सांगितलीच नव्हती.

त्यांच्या मागच्या रॅकवर मला हवी तीच साइज लिहिलेले चार टायर उभे होते. मी बोट दाखवलं. ते म्हणाले, बुक आहेत. कुणाचे, विचारलं तर म्हणाले, पिंपळनेरच्या एका गिऱ्हाइकाचे. गाडी कोणती, विचारलं तर त्यांनी आबांकडे पाहिलं. आणि बाजारात प्रत्येक वांगं उलटंपालटं करून घेणारे आबा एकाही टायरला हात न लावता दाराशी उभे होते. पडून असलेला माल माझ्या गळ्यात मारायचा आणि जुन्या दोस्ताची सोय करायची, असा यांचा बेत आहे, अशी माझी खात्री पटत चालली.

"मी चहा सांगून येतो," म्हणत आबा बाहेर पडले.

मी नानांसमोर खुर्ची ओढून बसले. "नाना, खरं काय ते सांगा."

ते जरा वेळ रॅकवरची धूळ झटकत राहिले. मग म्हणाले, "आबांचा फोन आला होता, ताई. म्हणाले, पोरीला तसले टायर देऊ नको. काहीही सांग, पण देऊ नको."

आबा टपरीच्या बाकावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. रागावून आले होते, पण मी काही विचारायच्या आधीच ते बोलू लागले. सुरत फेरीच्या ड्युटीवर असताना कोंडाईबारी घाटात त्यांनी एसटी थांबवून दरीकडे उलटलेल्या अशाच एका बुटक्या गाडीतून एका तरुणाला ओढून काढलं होतं. तो वाचला नाही. घरी त्यांनी हे कधीच सांगितलं नव्हतं.

"त्याना टायर नवा व्हतात," ते त्या तरुणाविषयी म्हणाले. चिडले किंवा हळवे झाले की आबा अहिराणीत बोलतात. "पकड चांगली ऱ्हायनी का मानूसनी हिंमत वाढस."

मी म्हटलं, पकड थांबायलाही लागते, आबा. ब्रेक मारल्यावर कडक रबर घसरलं तर?

आबांनी चहा संपवला, ते दुकानात गेले आणि रॅकवरचे चारही टायर खाली काढायला लावले. एकेका टायरच्या खाचांत नख घालून पाहिलं, आतून हात फिरवला, सालाचे आकडे मला वाचायला लावले. एक टायर बाकीच्यांपेक्षा जुना निघाला. जुन्या दोस्तावरही त्यांनी दया दाखवली नाही, तो बदलून घेतला. नाना जरा खजील झाले. फोनवरून सांगायला लावलेलं खोटं एकाचं आणि जुना टायर दुसऱ्याचा, अशी त्या दोघांची फिट्टंफाट झाली असावी.

टायर बसवल्यावर आबांनी किल्ली मागितली. जळगावपर्यंत त्यांनीच गाडी चालवली, इतकी हळू की कापसाच्या ट्रकांनीही आम्हाला मागे टाकलं. मी शेजारी बसून, त्यांना गाडी आवडतेय की काय, याचा अंदाज घेत होते. चेहऱ्यावरून काही कळू दिलं नाही त्यांनी.

हल्ली ते दर रविवारी सकाळी खाली उतरतात आणि टायरवरून बोटं फिरवतात. मऊ रबर लवकर झिजतं, आणि कुठून झिजलं त्यावरून गाडी कशी चालवली ते त्यांना कळतं म्हणे. परवा त्यांनी मला हाक मारली.

"पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड बघ. कोणत्या वळणावर इतकी दामटली?"

"अजिंठ्याच्या रस्त्याला गेले होते, आबा. हळूच होते."

ते पुन्हा वाकले आणि त्या झिजलेल्या कडेवरून सावकाश अंगठा फिरवत राहिले.