नातेवाईकाचा रकाना

परवा दुपारी परीक्षेच्या कामाचा फॉर्म भरत बसले होते. त्यात एक रकाना असतो... 'या परीक्षेला आपले कोणी जवळचे नातेवाईक बसले आहेत काय?' दरवर्षी तिथे 'नाही' लिहून मी मोकळी होते. परवा मात्र पेन तिथेच अडलं.

आणि आठवली ती मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या कॉलेजातली केमिस्ट्रीची लॅब. ऐंशीच्या दशकातली गोष्ट... मी तेव्हा बी.एस्सी. फायनलला होते. आमच्या रामाकोना गावाहून छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीनं रोज सौंसरला यायचे.

बाबा त्याच लाइनवर गँगमन होते. त्यांनी साफ सांगून ठेवलं होतं, सेकंड डिव्हिजन आली तर नागपूरला एम.एस्सी., नाही तर शिक्षण पुरे. थिअरीत मी जेमतेम. म्हणजे सगळी मदार प्रॅक्टिकलवर!

आता आमच्याकडची एक रीत सांगते. सायन्सला आम्ही मुली मोजून पाच-सहा. राखी आली की प्रत्येक मुलगी एकेका सरांना भाऊ करून टाकायची. कारण उघड होतं... प्रॅक्टिकलला एक परीक्षक बाहेरून यायचे आणि दुसरे आपलेच सर असायचे. ते टेबलाजवळून जाताना नुसतं खाकरले तरी कळायचं की काहीतरी चुकतंय.

माझ्या मैत्रिणीनं मला सल्ला दिला, "केमिस्ट्रीच्या सरले बांधून टाक. बहिणीले कोनी फेल करते का?"

सर पांढुर्ण्याचे, नवीनच लागलेले, रोज बसनं ये-जा करणारे. मी राखी काढली तेव्हा ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग बाही वर केली आणि हात पुढे केला. ओवाळणी म्हणून त्यांनी स्वतःचं लॉग टेबलचं पुस्तक दिलं, वर वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. मी मनात म्हटलं, झालं आपलं काम...

प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळच्या बॅचला सर होते. दुपारी आमची बॅच आत गेली तर सरांच्या जागी विभागातले म्हातारे सर उभे! आमचे सर ॲप्रन काढून शांतपणे स्टाफ रूमकडे निघून गेले. जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मला काही कळेना. रागावले असतील का? माझ्या हातून काय चुकलं? बाकीच्या विषयांत मैत्रिणींचे 'भाऊ' तर चांगले जागेवर होते. समोर ओळखायला दिलेल्या पांढऱ्या पावडरची पुडी, नागपूर हातचं जातंय असं वाटलं आणि खरंच रडू आलं.

खाकरणारं कोणी नव्हतं, म्हणून मी प्रत्येक टेस्ट दोनदा केली. तळहातावर पावडर ऑक्झॅलिक ॲसिडबरोबर चोळून हुंगली, व्हिनेगरचा वास आला, म्हणजे ॲसिटेट, तेव्हा कुठे धीर आला. पावडरीतले चार रॅडिकल, म्हणजे घटक, ओळखायचे होते. तीन बरोबर आले, एक चुकला, हे बाहेर आल्यावर कळलं.

सगळे गेल्यावर मी मागे रेंगाळले. लॅबमधले काका टेस्ट ट्यूब धूत होते. सर का गेले, असं त्यांना विचारलं तर ते हसायलाच लागले.

"काहून म्हनजे? फॉर्मात इचारते ना, कोनी नातेवाईक परीक्षेले बसून राहिला का म्हनून. सरनं तुहं नाव लिहून देल्लं. नातं... बहीन."

प्रिन्सिपॉल म्हणे सरांवर वैतागले होते. असली नाती कोणी धरतं का, म्हणाले. पण सरांनी फॉर्म काही बदलला नाही.

मी धावत बसस्टँडवर गेले. पांढुर्ण्याची बस लागलेली होती. सरांसमोर उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं की सर, मी राखी मार्कांसाठी बांधली होती. मान वर करायची हिंमत नव्हती.

वर्गात पुस्तकी हिंदीत शिकवणारे सर त्या दिवशी घरच्या बोलीत बोलले.

"मले मालूम होतं. तू काहून बांधली, ते तुहं तू पाह्य. मी काहून बांधून घेतली, ते मले मालूम आहे."

एवढं बोलून बसमध्ये चढले.

सेकंड डिव्हिजन आली... अगदी काठावर. बाबांनी शब्द पाळला. पुढे मीही कॉलेजात शिकवायला लागले, आणि ते लॉग टेबल अजून माझ्या कपाटात आहे. बहिणीला ऐन परीक्षेत एकटं सोडून जाताना सरांना वाईट नसेल का वाटलं, हे कोडं मला कितीतरी वर्षं पडायचं. विचारायचं धाडस मात्र कधी झालं नाही.

तर परवाचा फॉर्म. आमच्या समोरच्या घरातली मुलगी यंदा माझ्याच विषयात फायनलला आहे. पहिलीत होती तेव्हापासून मला मावशी म्हणते, अर्धी जेवणं माझ्याकडेच झालीत तिची. नियमानं ती माझी कोणीच लागत नाही. 'नाही' लिहिलं असतं तर कोणी काही म्हणणार नव्हतं.

मी तिचं नाव लिहिलं. नातं... भाची.

ऑफिसमधून लगेच फोन आला, मॅडम, सख्खी आहे का? नसेल तर कशाला उगाच ड्यूटी सोडता? मी म्हटलं, फॉर्मात सख्खी-चुलत असं काही विचारलेलं नाही.

संध्याकाळी ती नेहमीसारखी जेवायला आली. तिला हे सांगितलं, तर तिचं तोंड एवढंसं झालं. "मावशी, तू असणार म्हणून तर मी निवांत होते गं..."

मी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. आणि इतक्या वर्षांचं कोडं सुटलं... वाईट वाटतं, सर. फार वाईट वाटतं.